दोन बटनांची पत्रिका

परवा शेजारचे वसंतराव मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊन घरी आले. चारी कोपऱ्यांना हळद, मध्ये एक अक्षत चिकटलेली. मी चष्मा चढवला, खिशातलं लाल पेन काढलं आणि पत्रिका वाचायला घेतली. एका मामाच्या नावापुढचा स्वल्पविराम उडाला होता, तो घातला. दोन ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या, त्यांच्यामध्ये खूण करून बाजूला 'जागा सोडा' असं लिहिलं. खाली सही ठोकली आणि पत्रिका वसंतरावांच्या हातात परत देत म्हणालो, "बाकी ठीक आहे. एक प्रूफ अजून दाखवा."

वसंतराव पत्रिकेकडे पाहत उभेच राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, हे आवतन होय. छापून वाटूनबी झाल्या."

आमच्या सौभाग्यवती सुनंदाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या, पत्रिका त्यांच्या हातातून घेतली, डोळ्यांना लावली, देवापुढे ठेवली आणि वसंतरावांना चहा दिला. माझ्या कपातला चहा नेहमीपेक्षा गार होता. त्यावरून मला परिस्थितीचा अंदाज आला.

दोष माझ्या हाताचा आहे. वर्ध्यात तीस-बत्तीस वर्षं छापखाना चालवला. लग्नपत्रिका समोर आली की तिच्यात लग्न दिसत नाही, ओळी दिसतात. आणि ही लग्नसराई परत आली की तर हात आपोआप खिशाकडे जातो. तुळशीचं लग्न लागलं की आमच्या बोरगाव मेघेकडचे हॉल झगमगायला लागतात. सकाळी धुक्यातून कापसाचे ट्रॅक्टर जातात आणि रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाची बोंडकं लटकत राहतात, जणू कुणी मांडवच घातलाय. बाजारात तुरीच्या ओल्या शेंगांचे ढीग लागतात. घरोघर शेंगा सोलून सोले निघतात, आमटीचा वास गल्लीभर फिरतो. बँडवाले मोकळ्या मैदानावर सराव करतात. हे सगळं दरवर्षी यायचं, आणि त्याच्यासोबत माझ्या दुकानात माणसांची रीघ लागायची.

सुरुवातीला खिळे जुळवायचो. एकेक अक्षर शिशाचं, उलटं. बोटं काळी, आणि त्या बोटांना शाईचा आणि रॉकेलचा असा वास की सुनंदा लग्नानंतर पहिल्या महिन्यात म्हणाली होती, "तुमच्या हातचा घास नको मले." त्या कामात एक गोष्ट होती, जी नंतर कॉम्प्युटर आल्यावर मी पार विसरलो. कोरी जागा फुकट मिळत नसे. दोन शब्दांच्या मध्ये, दोन ओळींच्या मध्ये शिशाच्या कोऱ्या पट्ट्या बसवाव्या लागत. छापून आल्यावर जिथे काहीच दिसत नाही, तिथेही माझ्या हातानं काहीतरी ठेवलेलं असे. रिकाम्या जागेलाही वजन होतं.

गिऱ्हाइकाला मात्र रिकामी जागा बघवत नसे. मशीन सुरू झाल्यावर कुणीतरी सायकल टाकून आत यायचा, "थांबा गा, थांबा! धामणगावचे काका राह्यले!" मग काकांसाठी जागा करायची. काका बसले की काकांचे साडू आठवायचे. विनीत, निमंत्रक, प्रेषक, स्वागतोत्सुक, आणि सगळ्यांत खाली घरातली बारकी पोरं. अक्षरं बारीक होत होत मुंगीएवढी व्हायची. पण नाव हवंच. एकदा तर नवरदेवाचंच नाव मी चुकीचं छापलं. हळद लागेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ज्यानंत्यानं फक्त आपापलं नाव वाचलं होतं!

हे मला इतकं ठाऊक होतं. आणि तरीही मागच्या सराईत जे झालं ते झालं.

मागच्या वर्षी आमच्या कल्याणीचं लग्न ठरलं. ती पुण्याला वेबसाइटची पानं आखते. 'आखते' हा माझा शब्द. तिच्या कामाला भारी नाव आहे. सोबत काम करणारा निखिल, मूळचा अमरावतीकडचा, तिनंच पसंत केलेला. दिवाळीला आली ती लॅपटॉप घेऊनच आली आणि म्हणाली, "बाबा, पत्रिका छापायची नाही. पान करायचं. लिंक पाठवायची."

मला राग यायला हवा होता. पण मुलगी माझ्याच धंद्यात आलीय असं मला मनातून वाटायचं, त्यामुळे मी ऐटीत म्हणालो, "डिझाइन मी देतो." आठवडाभर बसून दिलं. सोनेरी किनार, वर गणपती, दोन बाजूंना दोन मोर, आजोबा-आजींचे फोटो, चार ओळींची कविता, ती माझीच, आणि सनईसुद्धा. पान उघडलं की वाजेल अशी.

कल्याणीनं ते पाहिलं. हसली नाही, हे तिचे संस्कार. म्हणाली, "बाबा, हा मोर काय करतो?"

"नाचतो."

"पानावर त्याचं काम काय?"

मी म्हणालो, "शोभा."

तिनं आईला हाक मारली. लॅपटॉप तिच्यासमोर धरला, आणि चार-पाच आकडे मोजून होतात न होतात तोच झाकण लावलं. "आई, काय दिसलं?"

"मोर," सुनंदा म्हणाली. "कोनाचं लग्न हाय?"

मग कल्याणी मला शिकवायला बसली. माझ्या आयुष्यातला तो फार गोड आठवडा होता, हे आज कबूल करायला हरकत नाही. बाहेर अंगणात ऊन, मांडीवर शेंगांचं सूप, समोर पोरीचा लॅपटॉप. पान उघडल्यावर डोळा आधी कुठं जातो, मग कुठं सरकतो, हे ती बोटानं दाखवायची. लोक मोबाइलवर बघतील, अंगठ्यानं बघतील, म्हणून बटन अंगठ्याला सापडेल असं खाली. म्हाताऱ्या डोळ्यांसाठी अक्षर मोठं आणि गडद. खेड्यात रेंज नसते, म्हणून फोटो कमी, पान हलकं. आणि सारखं एकच विचारायची, "बाबा, हे पान उघडून माणसानं काय करावं असं तुम्हाला वाटतं? एकच सांगा."

"लग्नाला यावं."

"मग त्याच्या आड जे जे येतं ते काढायचं."

मोर गेले. सनई गेली. कविता गेली, ती जाताना थोडं दुखलं. गणपती लहान होऊन वर एका कोपऱ्यात बसला, बिचारा काही बोलला नाही. नातेवाइकांची नावं काढायला मात्र मी नाही म्हणालो. तेव्हा तिनं मधला मार्ग काढला. खाली एक छोटीशी ओळ, 'आमची माणसं'. तिच्यावर दाबलं की सगळी नावं उघडायची.

उरलं काय, तर दोन नावं, मोठ्या अक्षरात. तारीख, वार, वेळ, हॉल. हॉलचा नकाशा. आणि दोन बटनं, 'येतोय' आणि 'जमणार नाही'. बाकी सगळं पांढरं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला खिळ्यांच्या दिवसांतल्या त्या कोऱ्या पट्ट्या आठवल्या. मी तिला म्हणालो, "बेटा, ही जागा चांगली बसवलीस." तिला कळलं नसावं, पण ती खूश झाली.

सुनंदाला पुन्हा तीच परीक्षा दिली. झाकण लागायच्या आत ती घडाघडा बोलली, "कल्याणी आणि निखिल. रविवार. बोरगावचा हॉल." आम्ही बापलेकींनी टाळी दिली.

'येतोय' दाबलं की उत्तर यायचं, 'वा! वाट पाहतोय.' आणि 'जमणार नाही' दाबलं तर काय म्हणायचं, हे तिनं माझ्यावर सोडलं, कारण "बाबा, तुमचं मराठी चांगलं आहे." मी आधी 'आपली अनुपस्थिती आमच्या मनास सदैव' असं काहीतरी सुरू केलं. ती म्हणाली, "छोटं, बाबा. समोरच्याला अवघडल्यासारखं वाटू नये." मग मी लिहिलं, 'हरकत नाही. तुमची आठवण येईल.' त्या ओळीवर मी दिवसभर खूश होतो.

आता आमच्या बाईबद्दल सांगायला हवं. बाई म्हणजे माझी थोरली बहीण, आष्टीला दिलेली. भाऊजींची संत्र्याची बाग आहे. आम्ही सगळे तिला बाईच म्हणतो. कल्याणीच्या बारशाला पाळण्यात वाकून तिच्या कानात नाव सांगितलं ते बाईनं. आम्ही नवराबायको दुसरंच नाव ठरवून बसलो होतो. बाई सरळ उठून म्हणाली, "कल्याणी. झालं." आत्याचा मान, कोण काय बोलणार? म्हणजे पानावर सगळ्यांत मोठ्या अक्षरात जो शब्द होता, तो बाईचा होता.

आमच्याकडे रीत अशी की देवापुढे अक्षत ठेवली की पहिलं आमंत्रण घरच्या लेकीला. नवराबायकोनं जोडीनं जायचं, तिच्या पदरात अक्षत घालायची. आम्ही येत्या रविवारी आष्टीला जाणारच होतो. पण कल्याणीचं पान तयार झालं शुक्रवारी, आणि तिच्या कामाची रीत अशी की तयार झालं की सगळ्यांना एकाच वेळी. कुणाला आधी, कुणाला नंतर असं नको, कुणी रुसायला नको. फोनमधली सगळी नावं निवडली आणि पाठवलं. मी शेजारीच बसलो होतो. सोले सोलत.

संध्याकाळी बाईचा फोन आला.

"काऊन गा, तुह्या पोरीचं पान आलं."

"कसं वाटलं, बाई?" मी छाती फुगवून विचारलं.

"चांगलं हाय. मोकळं मोकळं हाय." मग म्हणाली, "त्यानं मले इचारलं, येता का नाई येत म्हणून."

"कोणी?"

"पानानं."

मला अजून काही कळलं नव्हतं. मी म्हणालो, "अगं, ते सगळ्यांनाच विचारतं."

"हाव ना. सगळ्यायले इचारते. मलेबी इचारलं. मी काय पाहुनी आहो गा? घरच्याले कोनी इचारते का, येता का म्हणून?"

"बाई, तसं नाही. खाली 'आमची माणसं' आहे बघ, त्यावर दाब. तिथं पहिलंच तुझं नाव..."

"मी कायले दाबू? म्या दुसरं दाबलं. 'जमणार नाही' दाबलं. म्हटलं, पाहू काय म्हणते."

"मग?"

"म्हणते, हरकत नाही."

आणि फोन ठेवला.

मी फोन हातात धरून बसलो. सुनंदानं विचारलं, "काय म्हणे बाई?"  ज्या पानाची परीक्षा आम्ही सुनंदावर दोनदा घेतली, ते बाईला काय दिसेल, हे कुणी विचारलंच नव्हतं. बत्तीस वर्षं माणसं माझ्यासमोर आपापलं नाव शोधत उभी राहिली. आणि मी मोकळ्या जागेच्या इतका प्रेमात पडलो की त्या जागेत कोण उभं होतं, ते मला दिसलं नाही.

रविवारी आम्ही आर्वीवरून आष्टीला गेलो. जाण्याआधी सकाळी मी एक उपाय केला होता. जाड कागदावर एक पत्रिका छापली, जुन्या पद्धतीची, किनारवाली. सगळ्यांत वर बाईचं आणि भाऊजींचं नाव, ठळक. वाटेत बसमध्ये सुनंदा म्हणाली, "नका दाखवू थे." मी ऐकलं नाही.

अंगणात संत्री निवडणं चाललं होतं. आंबट-गोड वास, हिरवी-पिवळी फळं, गोणपाटावर ऊन. बाई दारात आली.

"या," ती म्हणाली. "बसा."

मला आयुष्यात बाईनं कधी 'बसा' म्हटलेलं नाही. 'बस रे', 'मर तिकडं', 'आला का टोणगा', हे म्हटलंय. चहा आला तो काचेच्या कपाटातल्या कपबशीत. एरवी त्या घरात मला स्टीलच्या गिलासात मिळतो, आणि बाई बरोबर सांगते, "अजून पाह्यजे त पातेल्यातून घे." त्या दिवशी बशीत दोन बिस्किटंसुद्धा होती. 

सुनंदानं पदरात अक्षत घातली. बाईनं ती नीट देवापुढे ठेवली. मी पत्रिका पुढे केली. तिनं चष्म्याशिवाय हातात घेतली, उलटी केली, कागदावरून अंगठा फिरवला. छापखानेवाल्याची बहीण.

"एकच छापली ना?"

मी बशीतलं एक बिस्किट उचललं. भाऊजी संत्र्यांकडे बघत राहिले.

"येजो हं, बाई," निघताना मी म्हणालो, "हळदीलाच येजो."

"पाह्यतो," ती म्हणाली. "जमलं तर."

यंदाही दिवाळीला तिनं संत्र्यांची पेटी पाठवली. फोन केला. विचारलं, "पोचली का तुमाले?" तुमाले. अजूनही.

तेव्हा लग्नापर्यंत कल्याणी पुण्याहून रोज विचारायची, आत्याचं काय. तिनं आत्याला फोनही केला, आत्या गोड बोलली, तब्येतीची चौकशी केली, आणि तो गोडवा ऐकून पोरगी रडली. मग ती तिला येतं तेच करत बसली. 'आमची माणसं' वर आणली. आत्याचं नाव नवरीच्या नावाखाली घेतलं. दोन बटनं काढून नुसतं 'नक्की या' केलं, आणि पुन्हा पाठवलं. बाईकडून हात जोडलेलं चित्र आलं. तेच चित्र ती ग्रामपंचायतीच्या सूचनांनाही पाठवते.

एकदा कल्याणी फोनवर म्हणाली, "बाबा, आत्याचं उत्तर मी इथून बदलू शकते. 'जमणार नाही'चं 'येतोय' करता येतं. लगेच."

"मग काय होईल?"

"हिशोबात ती येणार असं दिसेल."

 तिनं ते बदललं नाही.

जुनं पान तिनं मोडलं नाही, पहिली लिंक अजून चालते. कधीकधी दुपारी मी ती उघडतो. लग्न होऊन वर्ष झालं तरी ते पान तितकंच स्वच्छ, तितकंच नम्र, विचारत उभं असतं. मी 'येतोय' दाबतो. ते म्हणतं, वा! वाट पाहतोय. दुसरं बटन दाबायचं धाडस मला होत नाही.

गेल्या वर्षी हळदीच्या दिवशी सकाळपासून वाटी तयार होती. आमच्या घरी नवरीला पहिलं बोट आत्याचं. बायका जमल्या, गाणी झाली, कल्याणी पाटावर बसली, पुन्हा उठली, पुन्हा बसली. सुनंदा वाटीत थोडं थोडं दूध घालत होती, कारण हळद सुकत होती. मी फाटकाशी बसस्टँडकडून येणाऱ्या रिक्षाची वाट बघत उभा, जणू मंडपवाल्याशी माझं फार महत्त्वाचं बोलणं चाललंय. ऊन डोक्यावर आलं तेव्हा सुनंदानं स्वतःच वाटीत बोट बुडवलं. लावताना तिनं तोंड फिरवलं होतं.

लग्नाच्या दिवशी पानानं आपलं काम चोख केलं. हॉल कुठं आहे विचारायला एकही फोन आला नाही. लोक वेळेवर आले. स्वयंपाक उरला नाही, कमी पडला नाही. निखिलच्या काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "पान कोणी बनवलं हो? एकदम साधं, पाहताबरोबर समजते." मी मुलीकडे बोट दाखवलं.

अंतरपाट धरला गेला, अक्षता हातात आल्या, आणि मी मागे वळून पाहिलं तर बाई बसलेली. खुर्च्यांच्या मधल्या रांगेत, अनोळखी बायकांच्या मध्ये. जरीची साडी, मांडीवर पर्स, दोन्ही हात पर्सवर. भाऊजी शेजारी. मी धावत गेलो. "बाई, पुढं चल. आत चल."

"ठीक हाय इथं. दिसते चांगलं."

ओढून नेता आलं असतं का? अजून ठरवता येत नाही. मंगलाष्टकं सुरू झाली होती. मी तिच्या खुर्चीजवळ वाकून उभा होतो आणि लोक मला बसा बसा म्हणत होते.

जेवणं झाली, ती पाहुण्यांबरोबर जेवली. मग रांगेत उभी राहून स्टेजवर आली. कल्याणीनं तिला पाहिलं आणि नवरीपण विसरून खाली वाकली, पायावर डोकंच ठेवलं. "आत्या, चुकलं माझं."

बाईनं तिला उठवलं. तिच्या कपाळावरची मुंडावळी नीट केली. हातात पाकीट दिलं, वर छापील गणपती असलेलं, परक्याला देतात तसं.

"हरकत नाई," ती म्हणाली.

मी बाजूलाच होतो. ते दोन शब्द मी कितीदा मनात वाजवून पाहिलेत. तिनं माफ केलं होतं, की पानानं दिलेलं परत केलं होतं? आवाजात काही नव्हतं. चेहऱ्यावर काही नव्हतं. कल्याणी आजही विचारते, "बाबा, आत्या ते कसं म्हणाली?" मी काय सांगू? पाठवणीच्या आधीच आर्वीच्या बसची वेळ झाली म्हणून दोघं निघून गेले.

संध्याकाळी हॉल रिकामा झाला. मुलं खुर्च्यांवर खुर्च्या चढवत होती. मी त्या मधल्या रांगेत जाऊन बसलो. आणि सुनंदाला म्हणालो की माझ्यामुळे झालं, एक बटन, एक ओळ, बहीण गेली, पाहुण्यासारखी आली आणि पाहुण्यासारखी गेली. बराच वेळ बोललो असेन. सुनंदा माझ्या शेजारी उरलेल्या अक्षता पिशवीत भरत होती. पिशवीची गाठ मारली आणि म्हणाली,

"'जमणार नाही' दाबूनशान आली ना थे? रागात आली, बसमध्ये धक्के खात आली, पन आली. तुमी दोघं बापलेक येवढे हुशार. अशा मानसाचं बटन कुठं होतं तुमच्या पानात, दाखवा बरं मले."